एकावर एक सक्तीचं

मायकल जॅक्सन आमच्या घरी आला तो जोडीनं आला.

1995 चा पावसाळा सरत होता. दादाला कुपवाडच्या एमआयडीसीत नोकरी लागून महिना झाला होता. पहिल्या पगारातून आईला साडी, बाबांना छत्री आणि स्वतःला जॅक्सनचा ‘हिस्टरी’, असा त्याचा बेत होता. साडी आणि छत्री घेताना बाबा बरोबर नव्हते. सांगलीतल्या कॅसेटच्या दुकानात मात्र ते न बोलावता आले. छत्रीपेक्षा महाग अशी गाणी असतात तरी कसली, हे त्यांना समक्ष बघायचं होतं.

दुकानदारानं काचेच्या कपाटातून जाड डबा काढून ठेवला. आत दोन कॅसेट. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि चौकशी सुरू केली.

“पहिलीवर काय आहे?”

“जुनी, गाजलेली. पंधरा.”

“आणि दुसरीवर?”

“नवी. पंधरा.”

“तीही गाजलेली?”

“काका, आत्ता तर आलीत.”

“मग पहिलीच द्या.”

“सेट फोडत नाही आपण.”

इथं एक सांगायला हवं. बाबा पंचायत समितीत कृषी विभागात होते. युरिया हवा असेल तर सोबत ही न खपणारी पोती घ्याच, असं शेतकऱ्याच्या गळ्यात मारणाऱ्या खतवाल्यांशी भांडण्यात त्यांची उमेद खर्ची पडली होती. या प्रकाराला आमच्याकडे लिंकिंग म्हणतात. बाबांनी डबा उलटा करून बघितला, परत सुलटा केला आणि भर दुकानात निकाल दिला, “हे लिंकिंग आहे.” दुकानदाराला वाटलं ते गाण्याचं नाव असावं. त्यानं मागच्या यादीवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, “ते यात नाही.”

दादानं पैसे दिले. घरी येईपर्यंत बाबा छत्री बंद ठेवून पावसात चालत होते.

आता मागं वळून पाहतो तेव्हा वाटतं, गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहावर कितीतरी पानं लिहिली गेली असतील, पण बाबांच्या त्या एका शब्दापुढं कुणी गेलं असेल असं नाही. तोवर आम्ही गाजलेली गाणी विकत घेत नसू, भरून घेत असू. चौकात एक माणूस कोरी साठची किंवा नव्वदची कॅसेट घेऊन त्यात आपल्या यादीबरहुकूम गाणी भरून द्यायचा. ते कायद्यात बसत नव्हतं, पण निवड सोळा आणे आपली असायची. गैरसोय एकच. बाजू संपली की गाणं संपलं. एका प्रसिद्ध हिंदी गाण्याचा दुसरा अंतरा अर्ध्यात तुटतो, अशी माझी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत समजूत होती, आणि मी ते गाणं स्नेहसंमेलनात तसंच म्हटलंही होतं. काहींनी टाळ्या वाजवल्या. त्यांनीही त्याच माणसाकडून भरून घेतलं असावं.

गाजलेली गाणी गोळा करून विकणं कंपन्यांना सुचलं ते फार आधी, आणि तेही अडचणीतून. 1958 साली अमेरिकेत जॉनी मॅथिस नावाच्या गायकाची नवी रेकॉर्ड कोलंबिया कंपनीला हवी होती आणि गायकाला ती करायला सवड नव्हती. तेव्हा कंपनीनं त्याची आधी विकलेली सुटी गाणी एका तबकडीवर गोळा केली आणि वर लिहिलं ‘जॉनीज ग्रेटेस्ट हिट्स’. मॅथिस तेव्हा बावीस वर्षांचा. आमच्याकडे त्या वयात मुलाची टंकलेखनाची दुसरी परीक्षा व्हायची असते. ही शिळ्या पोळीची फोडणी बिलबोर्डच्या यादीत 490 आठवडे राहिली. म्हणजे नऊ वर्षांच्या वर. इतका काळ आमच्याकडे पालिकेत कुठला पक्षही टिकत नाही. त्यानंतर कुठल्या कंपनीला ताज्या पोळीचा सोस राहील?

आणि या फोडणीची चव लोकांना खरोखर लागते, हे कबूल केलं पाहिजे. ईगल्स या अमेरिकन वाद्यवृंदाचा 1976 सालचा संग्रह तिथल्या आजवरच्या सर्वाधिक खपाच्या अल्बमांत गणला जातो, आणि त्यात ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ नाहीच, कारण ते गाणं तेव्हा बाहेरच आलं नव्हतं. ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त खपलेला अल्बम आहे क्वीन या वाद्यवृंदाचा 1981 चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’. सत्तर लाखांवर प्रती. त्याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, शाळा शिकला पाचगणीला, सेंट पीटर्समध्ये. आमच्या शेजारच्या जिल्ह्यात! हे समजल्यावर बाबांचा पाश्चात्त्य संगीताविषयीचा ग्रह थोडा निवळला होता. “तरीच,” एवढंच म्हणाले. तरीच काय, ते सांगितलं नाही.

पण लिंकिंगला सुरुवात कशी झाली? तर संग्रहात एक अडचण असते. खऱ्या चाहत्याकडे ही गाणी आधीपासून असतात. त्याच्या खिशात परत हात घालायचा कसा? मग कुणाच्या तरी डोक्यात आलं, जुन्याबरोबर एखाद-दुसरं नवं गाणं टाकायचं. मॅडोनानं 1990 मध्ये ‘द इमॅक्युलेट कलेक्शन’ काढलं, त्यात सतरा गाणी. पंधरा जुनी, दोन नवी. हे प्रमाण मला समजतं. मिसळीवर कोथिंबीर असते तेवढंच. आणि त्या दोनातलं एक, ‘जस्टिफाय माय लव्ह’, अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. म्हणजे कोथिंबीर ताजी होती.

मायकल जॅक्सननं मिसळीएवढी कोथिंबीर वाढली. पंधरा जुनी, पंधरा नवी. त्यातही नवं कशाला म्हणायचं याबाबत त्याचं मन मोठं होतं. ‘कम टुगेदर’ हे मूळ बीटल्सचं, आणि यानं ते ऐंशीच्या दशकातच ‘मूनवॉकर’ चित्रपटात गाऊन झालेलं. शेवटचं ‘स्माइल’ तर चार्ली चॅप्लिनच्या चालीवरचं, 1936 च्या ‘मॉडर्न टाइम्स’मधल्या. बाबांचा जन्म त्यानंतरचा.

बरं, जुन्यांची निवड तरी धड असावी? दादानं घरी येऊन डबा फोडला, यादी वाचली आणि खाली बसला. ‘स्मूथ क्रिमिनल’ नव्हतं. लग्नपत्रिकेत सख्ख्या काकाचं नाव राहून जावं तसं झालं. ‘डर्टी डायना’ही नव्हतं, जे 1988 साली अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. आणि होतं काय, तर ‘हील द वर्ल्ड’, जे तिथं पहिल्या विसातसुद्धा पोचलेलं नव्हतं. म्हणजे गाजलेल्या गाण्यांच्या संग्रहातून गाजलेलं वगळून न गाजलेलं घेतलं होतं. कारण उघड आहे. गायकाला स्वतःची कुठली गाणी गाजायला हवी होती, त्याची ती यादी. आमच्या आत्या लेकीच्या लग्नाचा अल्बम दाखवतात त्यात नवरदेवापेक्षा त्या स्वतः जास्त पानांवर आहेत, त्यातला प्रकार.

तरीही पहिली कॅसेट लागली आणि घर बदललं. ‘बिली जीन’चा तो सुरुवातीचा ठेका टेपरेकॉर्डरच्या एका स्पीकरमधून (दुसरा बंद होता) आला, आणि आजी जपमाळ ओढता ओढता त्याच लयीत मणी टाकू लागली. ही अतिशयोक्ती नाही. रोजचा जप बारा मिनिटं आधी आटोपला. आईला ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ आवडलं, पण नावामुळे तिला ते धुलाईच्या पावडरीचं वाटलं. मी आरशासमोर मूनवॉक शिकत होतो. शहाबादी फरशी आणि पायात मोजे असतील तर माणूस मागं सरकतो, हे खरं आहे. कुठं थांबतो, ते आमच्या घरात मांडणीवर अवलंबून होतं.

दुसरी कॅसेट लागली आणि सगळे आपापल्या कामाला गेले.

तिच्यात वाईट गाणी होती असं नव्हे. ‘स्ट्रेंजर इन मॉस्को’ मला आजही त्याच्या उत्तम गाण्यांतलं वाटतं. पण 1993 मध्ये त्याच्यावर मुलांच्या संदर्भात गंभीर आरोप झाले होते. तो विनोदाचा विषय नाही आणि मी करणारही नाही. त्यानंतर आलेली ही गाणी संतापाची होती, वर्तमानपत्रांवर, पैशावर, एकूण जगावर. एक तर तपास करणाऱ्या सरकारी वकिलावर, नाव जरासं फिरवून केल्याचं मानलं जातं. म्हणजे यजमानानं पंगतीला बोलवावं, पहिल्या वाढपात जिलबी, मठ्ठा, अळूची भाजी सगळं यथास्थित व्हावं, आणि हात धुऊन पाटावर टेकतो न टेकतो तोच त्यानं ट्रंकेतून कोर्टाचे कागद काढून “आता तुम्हीच सांगा” म्हणावं. पाहुण्याची सहानुभूती असते. पण पान खायचं राहून जातं.

दादा मात्र दुसऱ्या कॅसेटची वकिली करत राहिला. सप्टेंबरात त्याला कुठल्याशा इंग्रजी मासिकात बातमी मिळाली, की दुसरीवरचं ‘यू आर नॉट अलोन’ हे बिलबोर्डच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर दाखल झालं. त्या यादीच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलेलं. तो ते मासिक घेऊन बाबांसमोर उभा राहिला.

“बघा. गाजलं.”

“नावाचा अर्थ काय?”

“तू एकटा नाहीस.”

“ते दुकानदारानं सांगितलं होतं,” बाबा म्हणाले, “सेट फोडत नाही म्हणून.”

डब्याबरोबरच्या पुस्तिकेबद्दल बोललो नाही तर पाप लागेल. मोठ्या शहरातल्या एका मित्राकडे सीडीचा संच होता, त्यातली ती जाडजूड पुस्तिका मी नंतर पाहिली. मिळालेले पुरस्कार, राष्ट्राध्यक्षांबरोबरचे फोटो, एलिझाबेथ टेलर आणि स्टीव्हन स्पीलबर्ग यांनी लिहिलेलं कौतुक. आपल्याकडे याला गौरवग्रंथ म्हणतात. तो षष्ट्यब्दीला निघतो, समिती काढते, आणि सत्कारमूर्ती “कशाला उगाच” म्हणत प्रुफं स्वतः तपासते. जॅक्सन तेव्हा छत्तीस वर्षांचा होता आणि “कशाला उगाच” म्हणाल्याचं कुठं नोंदलेलं नाही.

गौरवग्रंथ झाला, मग पुतळा ओघानंच आला. जून 1995 मध्ये त्याचा तीस फुटांहून उंच पुतळा तराफ्यावर चढवून लंडनला थेम्स नदीतून फिरवला. मुठी आवळलेल्या, छातीवर काडतुसांचे पट्टे, नजर टॉवर ब्रिजच्या वर. वर्तमानपत्रात तो फोटो आला तेव्हा आजीनं बराच वेळ निरखला. मिरवणूक आहे, मूर्ती आहे, नदी आहे, दोन्ही काठांना गर्दी आहे. “विसर्जन केलं?” तिनं विचारलं. नाही म्हटल्यावर तिला ते अपुरं वाटलं. “मग नदीत नेला कशाला?” या प्रश्नाचं उत्तर हा संच काढणाऱ्या सोनी कंपनीच्या जाहिरात विभागाकडेही नसणार. मला स्वतःला वाटतं, आजीचं बरोबर होतं. गणपती बुडवला तर पुढल्या वर्षी येतो. हा बुडवला नाही, आणि बघा.

कारण या संचाचं पूर्ण नाव होतं, ‘हिस्टरी : पास्ट, प्रेझेंट अँड फ्यूचर, बुक वन’. भूत, वर्तमान, भविष्य, पुस्तक पहिलं. तिन्ही काळ पहिल्याच पुस्तकात उरकल्यावर दुसऱ्यात काय घालणार, हा विचार आधी कुणी केलेला दिसत नाही. पुस्तक दुसरं निघालं नाही. मराठी माणसाला याचं नवल नाही. आमच्या प्रत्येक गावच्या वाचनालयात ‘खंड पहिला’ची एक मांडणी असते.

विक्रीचा हिशोब मात्र दुहेरी होता. अमेरिकेत खपाचं प्रमाणपत्र देताना अशा जोड संचाच्या दोन तबकड्या वेगळ्या मोजतात. म्हणजे एका घरात गेला तरी दोन खपले. बाबांना हे मी पुढं कधीतरी सांगितलं, तेव्हा ते निवृत्त झालेले होते. तरी त्यांनी कागद मागितला. “युरियाच्या पोत्याबरोबर दिलेलं पोतं हे लोक युरियातच मोजतात?” त्यांच्या सबंध नोकरीत एवढा धीट विक्रेता त्यांना भेटला नव्हता.

आणि खरा घाव पुढेच होता. नोव्हेंबर 2001 मध्ये कंपनीनं सेट फोडला. पहिली तबकडी सुटी करून ‘ग्रेटेस्ट हिट्स : हिस्टरी, व्हॉल्यूम वन’ या नावानं बाजारात आणली. बाबांनी सांगलीच्या बाजारपेठेत उभं राहून जे मागितलं होतं, नेमकं तेच, सहा वर्षांनी. त्याचाही दुसरा खंड निघाला नाही, हे ओघानं आलंच. मी ती बातमी दाखवली. बाबांनी वाचली, घडी घातली आणि कपाटात आपल्या सेवापुस्तिकेशेजारी ठेवून दिली.

पुढं 2003 मध्ये ‘नंबर वन्स’ नावाचा आणखी एक संग्रह आला. त्यात अखेर ‘स्मूथ क्रिमिनल’ मिळालं. ते अमेरिकेत सातव्या क्रमांकापर्यंतच गेलेलं. ‘थ्रिलर’सुद्धा तिथं चौथ्याच्या वर चढलं नव्हतं. पण जगाच्या नकाशावर नीट शोधलं तर कुठल्या तरी देशात पहिला नंबर सापडतोच. आमच्या शेजारच्या काकूंचा मुलगा असाच दहा वर्षं पहिला येत होता. कधी वर्गात, कधी तुकडीत, कधी रांगेत. या संग्रहातही एक नवं गाणं होतंच. एकच. कंपनी तोवर कोथिंबिरीवर परत आली होती.

मुंबईचं राहिलं. 1 नोव्हेंबर 1996 ला, दिवाळीच्या तोंडावर, हा माणूस ‘हिस्टरी’च्या जगदौऱ्यात अंधेरीच्या क्रीडा संकुलात येऊन गेला. शिव उद्योग सेनेसाठीचा कार्यक्रम. विमानतळावर सोनाली बेंद्रे नऊवारी नेसून, आरतीचं तबक घेऊन उभी होती. तो शिवसेनाप्रमुखांच्या ‘मातोश्री’वर गेला आणि तिथलं स्वच्छतागृह वापरून आला, ही गोष्ट तर त्याच्या सगळ्या गाण्यांपेक्षा महाराष्ट्रात जास्त गाजली. उद्या कुणी मराठीतून जॅक्सनचे ‘ग्रेटेस्ट हिट्स’ काढले, तर पहिला क्रमांक तिचा. दादाला तिकीट परवडलं नाही. दौऱ्यात ‘स्मूथ क्रिमिनल’ म्हणतो हे त्याला नंतर कळलं, आणि तो पुन्हा खाली बसला. त्या कार्यक्रमाचा करमणूक कर माफ करायचा की नाही, यावर मात्र कोर्टकचेरी होऊन शेवटचा सरकारी निर्णय झाला जानेवारी 2021 मध्ये. रक्कम तीन कोटी चौतीस लाख. तोवर गायकाला जाऊन अकरा वर्षं झाली होती. दोन तासांच्या गाण्याला चोवीस वर्षांचा तोडा आपल्याकडे फक्त मंत्रालयात जमतो.

आमच्या डब्यातली पहिली कॅसेट घासून घासून पातळ झाली. ‘बीट इट’पाशी ती रडू लागायची. पेन्सिल घालून किती वेळा गुंडाळली याची गणती नाही. शेवटी दादाच्या वॉकमननं ती गिळली आणि कात्रीनं सोडवावी लागली. दादा पुढं पुण्याला गेला. आता ती तीसही गाणी त्याच्या फोनमध्ये आहेत, आणि तो ती ऐकत नाही.

दुसरी कॅसेट बाबांकडे राहिली. विकतच्या कॅसेटवर कुणी काही भरू नये म्हणून वरच्या कडेला दोन भोकं ठेवलेली असतात. त्यांवर सेलोटेप चिकटवला की ती कोऱ्या कॅसेटसारखी वागते. ही विद्या बाबांना कुणी शिकवली ठाऊक नाही. त्यांनी सेलोटेप लावला, रेडिओ टेपरेकॉर्डरजवळ ओढला आणि आकाशवाणीवरचं ‘आपली आवड’ भरून घेतलं. पैसे वसूल झाल्यावरच माणूस गेला पाहिजे, असं त्यांचं मत होतं.

ती आजही वाजते. सुरुवातीला वीस-बावीस मिनिटं मायकल जॅक्सन आपलं गाऱ्हाणं सांगतो. मग एक खट्, आणि निवेदिका संथ आवाजात नावं वाचू लागते. तासगाव, विटा, आष्टा, कवठेमहांकाळ इथून पत्रं पाठवलेल्या श्रोत्यांची, घरातल्या मुलाबाळांसकट, एकही न गाळता. गाण्यापेक्षा नावं लांब. नवं गाणं कुणी कुणाच्या गळ्यात मारलेलं नाही. अमुक हवं म्हणून लोकांनी पोस्टकार्ड लिहिलं, ते लागलं.

लेबलवर बाबांच्या कचेरीतल्या अक्षरात लिहिलेलं आहे, ‘हिस्टरी, पुस्तक दुसरं’. जगात ते दुसरीकडे कुठंही निघालं नाही. सांगलीत एक प्रत आहे.